फोटो उपलब्ध नाही

मी फोटो नाही. फोटो नसला की त्या जागी जो राखाडी माणूस दिसतो, नुसतं डोकं आणि खांदे, तो मी. माझ्या खाली बारीक अक्षरांत ‘फोटो उपलब्ध नाही’ असं लिहिलेलं असतं. तेच माझं नाव धरा. मला बोलायची सवय नाही, कारण मला तोंडच काढलेलं नाही. पण गेल्या आठवड्यात माझ्या जागेवरून एका बाईला रात्रभर झोप लागली नाही, म्हणून म्हटलं, आपलंही काय ते सांगून टाकावं.

बाईचं नाव रेश्मा. तिच्या सासऱ्यांचे वडील, शिपाई आकाराम, पासष्टच्या लढाईत गेले. घरात भिंतीवर त्यांचा वर्दीतला फोटो आहे, त्याला हार आहे. मला काढून तो फोटो माझ्या जागी लावायचं काम तिच्याकडं आलं होतं. आणि नेमका तिला संशय आला, की हा फोटो आकारामांचा नाहीच. सासऱ्यांना सांगावं, तर साठीला आलेल्या माणसाचा बाप दुसऱ्यांदा जातो. न सांगावं, तर तिच्या हातानं जगासमोर खोटं जातं. सकाळपर्यंत तिनं दोन्ही बाजूंनी विचार केला आणि दोन्ही बाजूंनी आपलंच चुकतंय असं तिला दिसलं. तिचा स्वभाव तसा आहे.

पण आधी माझ्याविषयी.

माझा जन्म सांगलीत, प्रियदर्शनी नावाच्या मुलीच्या कॉम्प्युटरवर झाला. तिचा भाऊ सम्मेद. तो तासगावच्या बाजारात बेदाण्याचा व्यापार करतो आणि उरलेल्या वेळात एक वेबसाइट चालवतो. सातारा-सांगलीकडचे जे जवान लढायांत कामी आले, त्यातल्या प्रत्येकाचं त्यावर एक पान आहे. नाव, गाव, पलटण, कुठं पडले, आणि घरच्यांनी दिलेला फोटो. कुणीही, कुठूनही बघावं. ज्यांचा फोटो आला नव्हता, त्यांच्यासाठी काहीतरी चित्र हवं होतं. ते चित्र मी.

“त्येला टोपी तरी घाल की,” सम्मेद म्हणाला होता.

“कुठली? एक नेव्हीतला हाय, एक ड्रायव्हर, एक तर लंगरातला आचारी.”

“मग मिशी दे.”

“मिशी दिली की तो कुणीतरी होतोय. मला कुणीच नको हाय.”

त्यामुळे मी टकला, बिनमिशीचा आणि कुणीच नसलेला राहिलो. सगळे मला पुरुष धरून चालतात. मला स्वतःला त्याची खात्री नाही.

मी एकाच वेळी शेकडो पानांवर असतो. यात कौतुकासारखं काही नाही. रिकामी जागा कितीही ठिकाणी असू शकते. पान उघडलं की मला बाहेरचं दिसतं, ऐकू येतं. डोळे-कान नसताना हे कसं, ते विचारू नका. डोळे असलेल्यांनाही ते नीट सांगता येत नाही.

माणसं माझ्याशी चमत्कारिक वागतात. कुणी मोबाइल कपाळाला लावतं. एका म्हातारीनं मला हळदीकुंकू वाहिलं, तर बोट भलतीकडं लागून पंप दुरुस्तीची जाहिरात सुरू झाली. तिनं तीही हात जोडून पूर्ण ऐकली. मग एक दिवस घरातल्या कुणाला तरी जुना फोटो सापडतो आणि मला हलावं लागतं. माझ्या जागी येणारे फोटो पाहण्यासारखे असतात. रेशनकार्डावरचे, मळक्या शिक्क्याचे. लग्नाच्या फोटोतून कापून काढलेले, खांद्यावर बायकोची बोटं तशीच राहिलेले. मी तक्रार करत नाही. निघून जाणं हीच माझी नोकरी आहे.

आकारामांच्या पानावरूनही मी निघायच्या बेतात होतो.

त्यांचं गाव औंधच्या अलीकडं. घर स्लॅबचं, समोर पोर्च, मागं ऊस. घरात सासरे भाऊसो, ज्यांना सगळे आबा म्हणतात. बाप गेला तेव्हा आबा आईच्या पोटात होते. मग आकारामांचे धाकटे भाऊ तानाजी, म्हणजे तात्या, वय ऐंशीच्या पुढं. मग रेश्मा आणि तिची अंगणवाडीत जाणारी मुलगी शिवांजली. रेश्माचा नवरा जयराजही फौजेत आहे आणि सध्या जिथं आहे तिथं रेंज येऊन-जाऊन असते. घरात शिकलेली सून एकच, म्हणून मोबाइलचं काही निघालं की सगळे तिच्याकडं बघतात. आपण एम.ए. मराठीत केलंय, मोबाइलमध्ये नाही, हे ती सांगत नाही.

तिनं भिंतीवरच्या फोटोचा मोबाइलवर फोटो काढला. फोटो खरंच रुबाबदार होता. ताठ मान, पुढं काढलेली छाती, टोकदार मिशी. आता तिच्या मोबाइलमध्ये चेहरे ओळखून ज्याचे फोटो त्याच्याजवळ लावायची सोय आहे. मोबाइलनं आकारामांना उचललं आणि तात्यांच्या फोटोंत नेऊन ठेवलं. वर नम्रपणे विचारलं, ही एकच व्यक्ती आहे का?

सख्खे भाऊ, सारखे दिसणारच, असं रेश्मा म्हणाली. मोबाइलला म्हणाली. मग तिनं फोटो बोटांनी मोठा केला. वर्दीतल्या माणसाच्या डाव्या कानाची पाळी फाटलेली होती.

तात्यांचीही आहे.

याच रात्री तिला झोप लागली नाही. तिनं जयराजला आवाजी मेसेज पाठवला. सकाळी त्याचं उत्तर आलं, “अगं फोटो टाक आणि विषय संपव. आबांना काय कळतंय.” त्याच्या पाठोपाठ दुसरं आलं, “नाही, थांब, टाकू नको.” तिसरं यायच्या आत रेंज गेली.

शिवांजलीला अंगणवाडीत सोडून ती आली, तेव्हा तात्या पोर्चमध्ये बियाण्याच्या शेंगा फोडत बसले होते. मी तिच्या हातात, आकारामांच्या पानावर.

“तात्या, तुमच्या कानाला काय झालं होतं?”

“का गं? ऐकू येत न्हाई असं कोन म्हनलं?”

“तसं नाही. पाळीला.”

“बाळी हुती कानात. चिचंच्या फांदीत आडाकली. मी खाली पडलो, बाळी वर ऱ्हायली.”

“आणि थोरल्या आजोबांचा कान?”

“दादाचा कान बरा हुता.”

रेश्मानं मोबाइल पुढं केला. तात्यांनी तो हातभर लांब धरला, डोळे बारीक केले, मोठ्या केलेल्या कानाकडं बघितलं.

“मीच हाय त्यो,” ते म्हणाले. एसटीतला कंडक्टर थांब्याचं नाव सांगतो त्या आवाजात. आणि पुढची शेंग फोडली.

रेश्मा खाली बसली. बसायला काही आहे का ते न बघता बसली; सुदैवानं पायरी होती.

“तात्या, हे काय बोलताय?”

“इचारलंस म्हनून बोललो. कवातरी कुनीतरी इचारंल म्हनून मी वाट बघत हुतो. कुनी इचारलंच न्हाई.”

मग त्यांनी सांगितलं. भाऊसो शाळेत जायला लागला आणि रोज घरी येऊन विचारायला लागला, माझा बा कसला हुता. त्याची आई, मनुबाई, सांगायला बसली की रडायलाच लागायची आणि पोरगं घाबरून गप व्हायचं. दादाचा फोटो घरात एकही नव्हता. एक दिवस वहिनी म्हणाली, तानाजी, चल, पोराला एक तोंड देऊया. लढाईवरून जी पेटी आली होती, तिच्यातली वर्दी काढली. दोघं एसटीनं साताऱ्याला गेले.

“दादा अंगानं बारीक. मला त्याची बटनं लागंनात. फोटूवाला म्हनला, श्वास धर. धरला. त्यो काय लवकर काढीना.”

घरातला प्रत्येकजण ज्या रुबाबाला आजवर मान देत आला, तो म्हणजे धरून ठेवलेला श्वास होता.

“आणि गावात कुणी ओळखलं नाही?”

“घरी आलो आन मिशी उतरवली. परत ठेवली न्हाई. आन हार घातल्याल्या मानसाकडं कोन नीट बघतंय?”

“पण तुम्ही स्वतः दरवर्षी त्या फोटोच्या पाया पडता!”

“पडतो की.”

“कुणाच्या?”

“दादाच्या. मी फकस्त त्येच्या जागंवर हुबा हाय.”

एवढ्या दिवसांत माझ्या धंद्यातला दुसरा माणूस मला पहिल्यांदाच भेटला होता.

“एकच अडचन हाय,” तात्या सूप झटकत म्हणाले. “उद्या मी गेलो, तर माझा म्हनून कंचा फोटू लावनार? त्यो तर लागलाय.”

तेवढ्यात सम्मेदचा फोन आला. “वहिनी, फोटो तेवढा टाका की. शनिवारी तुमच्या ग्रामपंचायतीत मोठ्या पडद्यावर पानं दाखवायची हायत. घरच्यांच्या हस्ते फुलं वाहायची. आबांच्या मागं तो राखाडी माणूस बरा दिसत न्हाई, खरं सांगतो.”

मी तिथंच होतो. पण असू दे.

फोन ठेवते तोवर आबा उसाला पाणी देऊन आले. शनिवारसाठी त्यांनी दाढी करून घेतली होती. मिशी फोटोतल्यासारखी टोकदार; ती ते पहिल्यापासून तशीच ठेवतात. गावात त्यांना बापाची झेरॉक्स म्हणतात आणि ते ऐकलं की त्यांची छाती आपोआप पुढं येते.

“रेश्मा, टाकला का फोटो?”

“आबा, चहा टाकू?”

“फोटो टाकला का, म्हनलं.”

“नेट नाही.”

मोबाइलला भरपूर नेट होतं. माझ्यापेक्षा हे जास्त कुणाला ठाऊक असणार?

“साखर कमी घालू का नेहमीसारखी?” रेश्मा म्हणाली. या घरात आपण जे काही मोडणार आहोत ते परत जोडता येणार नाही, असं तिला वाटत होतं. त्यापेक्षा चहा सोपा होता.

“भाऊसो, बस जरा,” तात्या म्हणाले. “त्यो फोटू माझा हाय.”

“कंचा?”

“त्योच. दादाच्या कापडातला.”

आबा हसले. चांगले मोकळे हसले. मग त्यांनी तात्यांच्या तोंडाकडं पाहिलं, तिथं हसू नव्हतं. रेश्माकडं पाहिलं, ती फरशीकडं बघत होती. ते उठले, आत गेले, फोटोसमोर उभे राहिले. बाहेर येऊन त्यांनी तात्यांचा डावा कान धरल्यासारखा बोटात घेतला आणि सोडला.

“मग एवढी वर्सं मी हार कुनाला घातला?”

“मला.”

“आन तुमी घालून घेतला.”

“फोटूला घातलास. मी मागं हुबा हुतो.”

“गप बसा, तात्या!”

आबा तात्यांना असं कधी बोलले नव्हते. आवाजानं पोर्चमधल्या चिमण्या उडाल्या.

“आईला ठावं हुतं?”

तात्यांनी मान हलवली. “तिचीच युगत.”

आबांचा हात मिशीकडं गेला आणि अर्ध्यात थांबला. “मग ही कुनाची?”

“माझी.”

“आन त्यांस्नी?”

“दादाला न्हवती. धड येतच न्हवती.”

रेश्मा म्हणाली, “आबा, माझंच चुकलं. मी बघायला नको होतं.” कुणी ऐकलं नाही. आबा खुर्चीत बसले. बापानंतर सांभाळणारा चुलता समोर आहे, आणि बाप मात्र कुठंच नाही, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मला चेहऱ्यांचा अनुभव कमी, चूकही असेल.

मग ते हळू आवाजात म्हणाले, “मग दिसायला कसे हुते?”

हा प्रश्न त्या घरात फोटो लागल्यापासून कुणी विचारला नव्हता. गरजच नव्हती. मान वर केली की उत्तर.

तात्यांनी तोंड उघडलं. “नाक…” ते म्हणाले आणि थांबले. भिंतीच्या दिशेनं बघितलं, माझ्याकडं बघितलं. “नाक आठवंना रं. लय दिस माझंच बघतोय.”

ऐंशीच्या पुढचा तो माणूस तेव्हा पहिल्यांदा घाबरलेला दिसला. शेंगेचं टरफल बोटांत तसंच राहिलं. कुणी घाई केली नाही. रेश्मानंसुद्धा चहा विचारला नाही.

“देवी आल्या हुत्या त्येला,” तात्या म्हणाले. “ल्हानपनी. तोंडभर वन. गालावर लय, कपाळावर कमी. म्हनून तर फोटू काढून घ्यायचा न्हाई. पलटनीतला एक हुता म्हनं, पन त्यो काय पेटीत आला न्हाई.”

“वन हुते?”

“खड्डं खड्डं. आन चालताना पाय भाईर टाकायचा, बदकावानी. फौजेत त्येला कसा घेतला, देवाला ठावं. हसला की तोंडावर हात धरायचा. वहिनी लय चेष्टा करायची. म्हनायची, पावसात जाऊ नगा, गालावर पानी साचंल.”

“कोन म्हनायचं?”

“तुझी आई.”

“आई चेष्टा करायची?”

“लय. त्यो सुट्टीवर आला की ह्या घरात झोप न्हवती कुनाला. ही बोलनार, त्यो तोंडावर हात धरून हसनार.”

आबांना आई आठवत होती ती ओठ मिटून भाकरी थापणारी. त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, पुन्हा घातली. मग त्यांच्या खांद्यांना हिसका बसला. रेश्माला वाटलं रडतायत, आणि ती पाणी आणायला उठली. पण ते हसत होते. डोळे पुसत, गालावर पानी साचंल, असं पुटपुटत हसत होते. ती पाणी घेऊन तशीच उभी राहिली. हे चांगलं झालं का वाईट, ते तिला ठरवता येईना. शेवटी ते पाणी तिनंच प्यायलं.

माझ्या पानावर खाली ‘घरच्यांच्या आठवणी’ म्हणून जागा आहे. रेश्मानं तिथं हे सगळं लिहिलं. तात्या शेजारी बसून लक्ष ठेवत होते.

“कपाळावर कमी, हे लिवलंस का?”

“लिहिलं.”

“बदकाचं लिवू नगं. पाय भाईर टाकायचा, एवढंच लिव.”

“बदकाचं लिव,” आबा म्हणाले.

“आबा, मग फोटो कुठला टाकू?” तिनं विचारलं.

आबांनी मोबाइल हातात घेतला, मला नीट बघितलं. मला आत्तापर्यंत लोकांनी ओलांडून बघितलं होतं. “हाय त्योच असू दे,” ते म्हणाले.

मग ते आत गेले, खुर्चीवर चढले आणि भिंतीवरच्या फोटोचा हार काढला. “तात्या जिते हायत. जित्या मानसाला हार नगं.”

“फोटू काढू नगं पन,” तात्या बाहेरून ओरडले. “चांगला आलाय.”

सम्मेदला तिनं फोन केला. तो म्हणाला, “राखाडीच?” ती म्हणाली, “राखाडीच.” तो म्हणाला, “आबा नाराज न्हाईत ना?” तिनं आत डोकावून बघितलं. आबा आरशासमोर मिशी कुरवाळत उभे होते. “ठेवलीयच तर असू दे,” ते आरशाला म्हणाले, “चुलत्याची तर चुलत्याची.”

शनिवारी ग्रामपंचायतीच्या पडद्यावर मी एवढा मोठा झालो, की मला माझीच लाज वाटली. इतरांच्या पानांवर मिश्या होत्या, टोप्या होत्या, पदकं होती. आकारामांच्या पानावर मी. कुणीतरी मागून म्हणालं, “ह्यांचा फोटू तर घरात हाय की!” आबांनी मागं न वळता सांगितलं, “त्यो तात्यांचा हाय.” आणि फुलं वाहिली. तात्या पहिल्या रांगेत बसून लोकांच्या नमस्काराला मान हलवत होते.

सध्या मी तिथंच आहे. बाकीच्या पानांवरून मी जातो-येतो; या पानावर मला ठेवून घेतलंय. माझी विनंती लहान आहे. घरात कुणाचा फोटो नसेल, तर माझी लाज वाटून घेऊ नका, आणि घाईघाईत कुणालाही श्वास धरून उभं करू नका. ज्यांनी त्या माणसाला पाहिलंय, त्यांच्याजवळ बसा आणि ते कसे होते ते विचारा. नाक आठवलं नाही तरी चालतं. फक्त उशीर करू नका, सगळे तात्या ऐंशी वर्षं थांबत नाहीत.

तात्या तर त्या दिवसापासून तेच सांगत बसलेत. रोज थोडं नवं आठवतं, थोडं बहुतेक रचतातही. शिवांजली अंगणवाडीतून आली की त्यांच्या मांडीवर बसून ऐकते. काल तिनं आईकडून मोबाइल मागून घेतला, पणजोबा बघायचेत म्हणून. रेश्मानं आकारामांचं पान उघडलं. पोरगी आता विचारणार, ह्यांना तोंड का नाही? त्यासाठी तिनं दोन उत्तरं तयार ठेवली होती, एक सोपं आणि एक खरं, आणि दोन्ही तिला पटत नव्हती.

शिवांजलीनं मला अगदी जवळून पाहिलं. तिच्या नाकाचा शेंडा काचेला टेकला. तिनं बोटानं माझा गाल पुसल्यासारखा करून बघितला, मग दुसरा. मग मोबाइल आईला परत दिला.

“आई, हे आपले पणजोबा न्हाईत. आपल्यांना ठिपके हायत.”